त्राटिकेची पंधरा तोंडं

निधी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत, बर्फ तुडवत. पोर नागपूरची. इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत धातूंवर संशोधन करते, पण डोक्यात नाटक. दारात बूट काढता काढताच म्हणाली, "प्रल्हादकाका, तुम्ही मुखवटे बनवता असं अस्मिता सांगत होती. मला पंधरा हवेत."

अस्मिता म्हणजे माझी सून.

"आम्ही त्याला सोंग म्हणतो," मी म्हणालो. "आणि पंधरा कशाला? कुणाचं लग्न आहे?"

"नाटक आहे, काका. ग्रीक. अडीच हजार वर्षांपूर्वीचं."

"मग एवढी घाई कसली?"

ती हसली आणि मोजे झटकत आत आली. मी तिला नाही म्हणणार होतो. हात थरथरतात, इथल्या थंडीत लगदा वाळत नाही, शिवाय परक्या देवाचं काम. पण तेव्हा माझ्या मनात दुसरंच काही चाललं होतं, म्हणून मी हो म्हणालो. ते आधी सांगतो.

मी जव्हारकडचा. आमच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. तीन रात्री देव, दैत्य, राक्षस टेंभ्यांच्या उजेडात संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात. कागदाच्या लगद्याचे हातभर मुखवटे, तीच सोंगं. आमच्या गावात प्रत्येक सोंग एका घराचं असतं. गणपती एकाचा, नरसिंह दुसऱ्याचा, तसं त्राटिका राक्षशिणीचं सोंग आमच्या घरचं. माझ्या आजोबांनी केलेलं. दर वर्षी चिरा बुजवायच्या, नवा कागद डकवायचा, पण तोंड तेच. त्याची नक्कल करायची नाही, आणि दुसऱ्या घरच्या माणसाने ते डोक्यावर घ्यायचं नाही. घरातलं कुणी नाचलं नाही तर सोंग त्या वर्षी टोपलीखाली झाकलेलं राहतं. सलग तीन वर्षं झाकलेलं राहिलं तर नदीत सोडायचं. तोंड उपाशी मेलं, असं म्हणतात.

माझा थोरला भाऊ नाचायचा. तो गेल्यावर दोन चैत्र तसेच गेले. त्याला मूलबाळ नाही. माझे दोन्ही गुडघे बदललेले. उरला राजस, माझा एकुलता एक. चौदाव्या वर्षी तो पावलं शिकला, दोन बोहाडे नाचलाही. मग नाशिकचं इंजिनियरिंग, पुण्याची नोकरी आणि इथे. सोंग झाकलेलं राहण्याचं हे तिसरं वर्ष. या चैत्रात राजस गेला नाही तर त्राटिका नदीत जाणार होती.

मी त्याला दिवाळीपासून सांगत होतो. तो म्हणायचा, "बाबा, जायला काही नाही. परत यायचं काय? व्हिसाचं स्टॅम्पिंग करावं लागेल. अपॉइंटमेंट मिळाली नाही तर तिकडेच अडकेन. नोकरी जाईल. इलाची शाळा, घराचं कर्ज..." त्याचं खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत एकजण आईच्या बाराव्याला गेला तो सात महिने तिकडेच अडकला होता.

मी अक्षरं शिकलो चाळिशीत, राजसच्या तिसरीच्या पुस्तकातून. त्याने मला पाटीवर हात धरून शिकवलं. त्याच्याशी वाद घालून मी जिंकणार नाही हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, त्याला लगद्यात हात घालू दे. हात आठवतील, मग पाय आठवतील, मग तो आपणहून जाईल. म्हणून मी निधीचं काम घेतलं.

गॅरेजमधून अस्मिताची गाडी बाहेर काढली. चिंचोके कुठे मिळेनात, म्हणून मैद्याची खळ शिजवली आणि कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड घातली. जुनी वर्तमानपत्रं इथे कुणाकडे नसतात. निधीने युनिव्हर्सिटीतून टाकून दिलेल्या प्रबंधांचे गठ्ठे आणले.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"लिहून पास झाले आणि गेले. भिजवा तुम्ही."

ती दर शनिवारी यायची, लगदा मळायला लागायची आणि बोलायची. "त्यांचं नाटक देवळात नाही, खळ्यावर सुरू झालं असं काही लोक मानतात, काका. पीक निघालं की मळणीच्या गोल खळ्यावर नाचायचे. डायोनायसस नावाचा देव. द्राक्षांचा, दारूचा. त्याच्यापुढे बोकड कापायचे. ट्रॅजेडी म्हणतो ना आपण, त्या शब्दाचा अर्थच म्हणे बोकडाचं गाणं."

"दारू, बोकड आणि खळं," मी म्हणालो. "यात ग्रीक काय आहे?"

"तेच ना! उत्सव पण वसंतातच. बायकांची कामं पुरुषच करायचे."

"त्राटिका पण पुरुषच नाचतो."

"आधी नट नव्हताच. नुसता घोळका. पन्नास जण एकदम गायचे. मग एक माणूस घोळक्यातून बाहेर पडला आणि घोळक्याशीच बोलायला लागला. थेस्पिस त्याचं नाव. तो पहिला नट."

"त्याच्या घरचे काय म्हणाले?"

"ते नाही कुणी लिहून ठेवलं."

"नसणारच. बाहेर पडलेल्याचंच नाव राहतं."

राजस लॅपटॉप घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, टोमणा पोहोचला."

"मग आत ये. हात रिकामे दिसतायत तुझे."

तो त्या दिवशी आत आला नाही. पण गेलाही नाही. उंबऱ्यात उभा राहून ऐकत राहिला. निधी सांगत होती, त्यांचे मुखवटे लिननच्या कापडाला सरस लावून करायचे, अख्खं डोकं झाकणारे. तोंड उघडं ठेवायचे, कारण त्यांची सोंगं बोलतात. आमची मुकी असतात, फक्त नाचतात. खेळ झाला की ग्रीक लोक मुखवटे त्या देवाच्या देवळात नेऊन वाहायचे.

"चांगली माणसं," मी म्हणालो. "मग आता कुठे आहेत ते?"

"एकही उरला नाही, काका. कापड आणि सरस, सगळं कुजलं. मडक्यांवर चित्रं आहेत, दगडात कोरलेले आहेत. त्यावरून अंदाज करायचा. डोक्यावर घातलेला खरा असा जगात एकसुद्धा नाही."

मी हात धुतले. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

तीन आठवड्यांत माझी सात तोंडं झाली. एकीचं नाक फेंदारलेलं, एकीचे गाल बसलेले, एक हसरी. गावातल्या सात बायका डोळ्यांपुढे ठेवून केल्या होत्या. निधीने त्या ओळीने मांडलेल्या पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवला.

"काका, काय सुंदर आहेत. पण..."

"पण काय?"

"हा कोरस आहे. घोळका. सगळ्यांचा चेहरा एकसारखा हवा. एकच बाई पंधरा वेळा."

चूक माझी होती. पंधरा सोंगं म्हटल्यावर पंधरा तोंडं, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात काही येणंच शक्य नव्हतं. एकसारखी दोन सोंगं मी जन्मात पाहिली नव्हती. मी विचारलं, "या बायका करतात काय नाटकात?"

"राजवाड्याच्या दारापुढे उभ्या असतात. आत काय होणार हे त्यांना समजतं. मग आतून किंकाळी येते. त्या म्हणतात, जाऊया का आत? वाचवूया का?"

"मग?"

"जात नाहीत."

"का नाही जात? पंधरा जणी आहेत की."

"कोरस आत जात नाही, काका. तशी पद्धतच नाही. तो बघतो आणि गातो."

राजस उंबऱ्यातून म्हणाला, "बाबा, यात काय, सोपं आहे. मातीचा एक साचा करायचा, त्यावरून पंधरा काढायचे. सरका, मी करतो."

तो बाह्या वर करून बसला. तेवीस वर्षांनी त्याने माती हातात घेतली होती. मी स्टुलावर बसून राहिलो. त्याने आधी कपाळ घेतलं, मग अंगठ्याने भुवया ओढल्या. भुवया मध्ये खाली उतरलेल्या, टोकाला वर गेलेल्या. गालांची हाडं रुंद. हनुवटी पुढे. तो निधीशी बोलत होता, फोनवर स्कोअर बघत होता, आणि त्याचे अंगठे आपले आपण चालत होते. तासाभरात फळीवर त्राटिका होती. सुळे नव्हते, बाहेर आलेली जीभ नव्हती. पण तोंड तेच. आजोबांचं.

त्याला ते कळलं नव्हतं. तो म्हणाला, "कसं वाटतं? जरा ओळखीची वाटते ना बाई?"

इला आठ वर्षांची आहे. ती दूध-सिरियलचा बाउल घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "शी लुक्स लाइक आजोबा."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच मी सांगायला हवं होतं, की बाबा रे, हे मोड, या तोंडाची नक्कल करत नाहीत. साचा ओला होता. एक मूठ मारली असती तर पुरे होतं. पण मला वाटलं, तिनेच त्याला बोलावलंय. आता तिला मोडलं तर त्याचं मनही मोडेल. आणि त्याच संध्याकाळी जेवताना तो अस्मिताला म्हणाला, "मॅनेजरशी बोललो. दहा दिवस मिळतील. लॉयर म्हणतो रिस्क आहे, पण तिकीट होल्ड केलंय. शुक्रवारपर्यंत ठरवू."

अस्मिताने पोळी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "बाबा, जिंकलात की."

मी मान खाली घालून भात कालवला. मला वाटलं, पाप माझ्या माथी, पण पोरगा जातोय.

मंगळवार-बुधवार मिळून आम्ही पंधरा तोंडं काढली. गॅरेजमध्ये हीटर लावून दोऱ्यांवर टांगली. इकडून तिकडे त्राटिकाच त्राटिका. मी रंग देताना बुबुळं काढली नाहीत, नुसती भोकं ठेवली. मनाला सांगितलं, डोळे उघडले नाहीत म्हणजे ही ती नव्हे.

गुरुवारी तालीम होती. मुखवटे द्यायला राजस मला गाडीने घेऊन गेला. तिथे एक गोल मोकळी जागा, भोवती चढत्या पायऱ्या. निधी खळं म्हणायची ते मला तिथे पटलं. कोरसमधली एक मुलगी तापाने आली नव्हती. निधी म्हणाली, "राजस, यार, प्लीज, नुसता उभा राहा तिच्या जागी. मोजमाप घ्यायचंय."

"मी? मला नाटकातलं काय येतं?"

"उभं राहता येतं ना?"

त्याने तोंड चढवलं आणि घोळक्यात जाऊन उभा राहिला. पंधरांतला माझा मुलगा कोणता ते मला ओळखू येईना. मग कुणीतरी आतून किंकाळीचं वाक्य म्हटलं आणि घोळक्याने दाराकडे वळायचं होतं. चौदा जणी नुसत्या चालल्या. एक चालली नाही. तिने उजवी टाच आपटली, तीन पावलं पुढे, एक गिरकी, वाकून जमिनीला हात, आणि परत टाच. त्राटिकेची चाल. राम-लक्ष्मण समोर दिसल्यावरची. तेवीस वर्षांत एक मात्रासुद्धा चुकली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी ते पुसलं नाही.

नाटक बसवणारी बाई खुर्चीतून उठली. "ते परत कर," म्हणाली इंग्रजीत. त्याने परत केलं. "आता सगळ्यांना शिकव." आणि माझ्यासमोर, मी पायरीवर बसलेला असताना, त्याने त्या चौदा पोरांना त्राटिकेची पावलं शिकवली. वन, टू, थ्री, टर्न. निधीने फोनवर सगळं टिपलं. मी कोरसातल्या बाईसारखा बसून राहिलो.

परत येताना तो घामाने भिजलेला होता आणि फार आनंदात होता. इतका आनंदात मी त्याला त्याच्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"बाबा, कसलं भारी वाटलं! अंगात आल्यासारखं. मला वाटलं होतं सगळं विसरलो."

"विसरत नाही कुणी."

"तेच म्हणतोय. आता झालं की मग."

"काय झालं?"

"नाचलो ना मी. घरातल्याने नाचायचं होतं, घरातला नाचला. आपल्या घरात केलेलं तोंड, आपली पावलं, चैत्र पण लागलाय. गावातच नाचलं पाहिजे असं कुठे आहे? देवाला काय, न्यू जर्सी काय नि जव्हार काय. तुम्ही म्हणून तर बनवून घेतलंत ना हे सगळं? मला कळलं नाही असं वाटलं का?" त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "थँक्स, बाबा. खरंच डोक्यावरचं ओझं गेलं. होल्ड केलेलं तिकीट मी निघतानाच कॅन्सल केलं. आणि व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकलाय. बघा आता लोक कसे खूश होतात."

सिग्नल लाल होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने साच्यात तिला ओळखलं होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वरचा फोन आला. सगळ्या घरांची सोंगं सांभाळण्याचं काम त्याच्याकडे आहे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो.

"दादा, तो व्हिडिओ खरा आहे का?"

"खरा आहे."

"मी आधी म्हटलं, कुणाचं तरी नाटक असेल. मग तोंड बघितलं. पंधरा, दादा? तुमच्या घरचं तोंड, पंधरा वेळा?"

"पंधरा."

"ती कोण माणसं?"

"शिकणारी पोरं. इकडची. मला नावं माहीत नाहीत."

त्याच्याकडे संध्याकाळ होती, मागे शेळ्या परतल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "राजस येईल म्हणून मी पंचांना थांबवून धरलं होतं. आला असता तर तिसरं वर्ष भरलंच नसतं. अजूनही आला तर मी सांगू शकेन की चूक झाली, भरपाईला बोकड देतील. येतोय का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग पंच म्हणतात, तिने घर सोडलं. परक्यांच्या डोक्यावर गेली. आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण घरचा शब्द लागतो. तुझ्या तोंडून लागतो. नदीत सोडू?"

माझ्या मनात आलं, ग्रीकांनी निदान आपली सोंगं देवळात नेऊन वाहिली. मी म्हणालो, "सोड."

"जपून सोडेन, दादा. खाली तोंड करून नाही सोडणार."

"भिजायला वेळ लागेल. मागच्या बाजूला जुना कागद आहे, माझ्या आईच्या हातचा. तो आधी सुटेल."

"बरं."

मी राजसला दोन दिवसांनी सांगितलं. तो खरोखर हळहळला. "अरेरे. माणसं कसली कडक आहेत, यार. पण बाबा, वाईट नका वाटून घेऊ. आपल्याकडे साचा आहे. आपण परत करू. गणपतीत मंडळाच्या प्रोग्रॅमला नाचवू, सगळ्यांना बघता येईल." त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती. ती नसती तर मला भांडता आलं असतं.

नाटक चांगलं झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तिसऱ्या पायरीवर होतो. आतून किंकाळी आली, पंधरा त्राटिका दाराशी गेल्या, टाच आपटली, गिरकी घेतली, वाकल्या, आणि आत गेल्या नाहीत. निधी खेळ संपल्यावर माझ्या पाया पडली. मुखवटे एका खोलीत खोक्यांत भरून ठेवले आहेत, पुढच्या वर्षी रंगवून दुसऱ्या कशाला तरी वापरणार आहेत.

बोहाड्याची तिसरी रात्र त्याच आठवड्यात होती. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले तेव्हा इथे टळटळीत दुपार होती. मोरेश्वरने फोन केला.

"दादा, तिची जागा येतेय. चित्र दिसणार नाही नीट, ऐक नुसतं."

"जागा कशाला ठेवलीत? ती तर नाही."

"मग राम-लक्ष्मणाने मारायचं कुणाला? पंचांनी ठरवलंय. टेंभेवाले यायचे तसे येतील, संबळ तिचाच वाजेल, मध्ये रिकामं. राम-लक्ष्मण येतील, रिकाम्या जागेवर बाण सोडतील आणि पुढे जातील. या वर्षापासून असंच."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. संबळ सुरू झाला. तिचा ठेका. आधी संथ, मग टाचेला धक्का देणारा, मग दुप्पट. माणसांचा नेहमीचा गलका नव्हता. नुसता संबळ आणि टेंभ्यांची फरफर. ती मध्ये नव्हती आणि तरी तिच्या गिरकीपुरते वाजवणारे थांबले, वाकण्यापुरते थांबले, पुन्हा चालू झाले.

समोरच्या खोलीत राजस घरून काम करत होता. दार उघडं होतं. मला टेबलाखालचे त्याचे पाय दिसत होते, पांढरे मोजे घातलेले. मी फोनचा आवाज वाढवला. संबळ घरभर झाला. मी त्याच्या उजव्या टाचेकडे बघत राहिलो.

ती हलली नाही. त्याने हेडफोनचा एक कान सरकवला, माझ्याकडे वळून हसला, मीटिंगमध्ये असल्याची खूण केली आणि हाताने दाखवलं, जरा कमी.

मी आवाज कमी केला. तिकडे बाण सुटला असावा, कारण संबळ थांबला.